पट्टा सोडा

समुद्र पुरता गोठला की
आमच्या हीउमा बेटावरून
त्याच्या पाठीवर रस्ता निघतो,
बर्फात रोवलेल्या फांद्या हीच त्याची कड.
फाटकावर काल्यु बजावतो :
मध्ये थांबायचं नाही,
पुढच्या गाडीला चिकटायचं नाही,
आणि पट्टा सोडा.
जमिनीवर जो तारतो
तोच इथे बुडवतो.

चार वर्षांपूर्वी सकाळची लघवी
कोऱ्या चहासारखी काळी.
आई म्हणाली, बीट खाल्लंस का काल?
तिसऱ्या पायरीला धाप.
मग कळलं, रक्तातली राखणच
माझ्या तांबड्या पेशी फोडते आहे,
कुंपणच शेत खातं आहे.

आता दर दुसऱ्या गुरुवारी सलाईन.
पहिल्या काही वेळा डोकं असं ठणकलं
की उशीसुद्धा टोचावी.
ते जातं.
शेत उभं राहिलं, मी जिने चढू लागले,
पण औषधाने कुंपण उपटलं, त्याचं काय?
डॉक्टर पिरेतने खुर्ची जवळ ओढली.
"मेंदूज्वराचा एक जंतू याच वाटेची वाट बघत असतो.
लशी दिल्यात. तरीही.
ताप आला, मान आखडली, उजेड सोसेना,
तर सकाळ होऊ द्यायची नाही, उर्वे."
आणि हातात एक कार्ड,
औषध बंद झालं तरी कित्येक महिने
जवळ बाळगायचं.

फेब्रुवारी. ताप एकोणचाळीस.
बेटावरच्या नर्सने कार्ड वाचलं,
एक शब्द न बोलता अँटिबायोटिक टोचलं,
मग फोनमागून फोन.
हेलिकॉप्टरला धुकं.
अँब्युलन्स जड, बर्फाला अडीच टनच चालतात.
उरली माझ्या भावाची, माइदोची गाडी,
मागच्या सीटवर जाळं, माशांचा वास.

अंधार पडला की रस्ता बंद, हा नियम.
काल्युने बॅटरीच्या उजेडात कार्ड धरलं,
पुढून वाचलं, मागून वाचलं,
चष्मा नव्हता म्हणून पुन्हा एकदा.
माइदो हॉर्नवर हात ठेवून, पण वाजवला नाही.
"लागण होते का याची?"
"आम्हाला? नाही."
त्याने स्वतःच्या अधिकारात नसलेला
दांडा वर केला.
"पट्टे सोडा," म्हणाला. "दोघांनीही."

बर्फ खाली बोलत होता,
म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा.
मी मोकळी बसले होते,
बांधलेलं काहीच नव्हतं अंगावर,
आणि आयुष्यात इतकं जपून
मला कुणी नेलं नव्हतं.

किनारा आला, चाकांखाली खडी कुरकुरली.
"आता लाव पट्टा," माइदो म्हणाला.
क्षणभर हातांना कळेना
आपण कुठल्या नियमात आहोत.

फ्लूच निघाला.
मला ओशाळं वाटलं,
त्या नर्सचं, काल्युचं, पेट्रोलचं.
पिरेत म्हणाली, "दहा वेळा फुकट ये.
अकराव्यांदाही ये."

कार्डावर एक तेलकट अंगठा उठला आहे.
नवीन देते म्हणाली.
नको म्हटलं.