विषय क्रमांक चार

ग्रंथालयाच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर
सत्तेचाळीस माणसं.
मोजली, कारण मोजणं माझं काम.
हार्लो मिल्सच्या नियोजन मंडळाचं इतिवृत्त
एकवीस वर्षं मीच लिहिते.
नोव्हेंबरातला मंगळवार,
साडेचारलाच अंधार पडलेला.

टेबलावर स्टेशन ठेवलंय, फोमचं,
टोस्टरएवढं.
भोवती सहा-सहा मजल्यांचे पांढरे ठोकळे
आणि टाचण्यांवर उभी
हिरव्या स्पंजची झाडं.
लेनॉर क्विस्ट, रचनाकार, वय फार तर तिशीचं,
सांगते आहे : दोनशे चाळीस घरं, एक चौक, एक बाक,
सगळं दहा मिनिटांच्या पायी अंतरात.
आज तिथे काय आहे?
चारशे बारा गाड्या,
बोस्टनला गेलेल्या मालकांची वाट बघत
दिवसभर बर्फात बुजणाऱ्या.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
वेळ मोजायला कोंबडीच्या आकाराचं टायमर,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेलं.

पेल्टियर म्हणाले, मार्चमध्ये माझ्या काचघरावर
दुपारी दीडलाच संध्याकाळ होईल.
बायको गेल्यापासून मी तिथेच जेवतो.
मी लिहिलं :
एका रहिवाशाने सावलीबाबत चिंता व्यक्त केली.

देओलिंदा फुर्तादो, तिकीटघराच्या जुन्या खोलीत
कॉफी आणि गोड पाव विकणारी,
नकाशावर बोट ठेवून विचारते :
इथे माझ्या दुकानावर
‘सक्रिय दर्शनी भाग’ असं का छापलंय?
पहाटे तीनला उठते मी.
आणखी किती सक्रिय?
हशा. हशा लिहायचा नसतो.

मग नेल्सन तावारेस, इस्पितळाचा निळा गणवेश,
ड्यूटी संपवून थेट आलेला :
मी याच गावात जन्मलो,
राहतो तीन स्टेशनं पलीकडे,
कारण भाडं.
सगळे वर्दळ वाढेल, वर्दळ वाढेल म्हणताय.
ती वर्दळ म्हणजे मी.
एवढंच बोलून बसला.
दोन मिनिटं शिल्लक राहिली, ती कुणीच मागितली नाहीत.

शेवटी ऑल्डन व्हिचर उठले.
छत्तीस वर्षं याच मार्गावर गार्ड,
उठायलाच अर्धं मिनिट गेलं.
मजल्यांबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाले, पार्किंगखाली ओढा आहे.
अठ्ठावन्न साली पाइपात घातला,
मी तेव्हा पोरगा होतो, फावडं धरलं होतं.
तिसऱ्या रांगेत लोखंडी झाकण आहे.
तुमच्या कागदावर दिसत नाही मला.

लेनॉरने कागद उलटले.
पुन्हा पहिल्यापासून उलटले.
कोंबडी वाजली.
अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली,
मग म्हणाले, बोला, बोला,
पण त्यांना आणखी काहीच सांगायचं नव्हतं.

सर्वेक्षण होईपर्यंत विषय जानेवारीवर.
बाजूने पाच, विरुद्ध शून्य, एक गैरहजर.
खुर्च्या मिटल्या.
सांभाळायला कुणी नाही म्हणून आणलेल्या एका मुलीने
मधल्या काळात स्पंजचं एक झाड उपटून
फोमच्या रुळांवर रोवलं होतं.
मी ते काढलं. माझं काम नव्हतं तरी.

बाहेर, पार्किंगच्या तिसऱ्या रांगेत,
माझ्याच गाडीच्या मागे
लेनॉर गुडघ्यांवर बसलेली,
एक कान जवळजवळ लोखंडाला टेकलेला.
ऑल्डनच्या एका हातात तिच्या फायली,
दुसऱ्यात तिच्या फोनचा दिवा, थरथरता.

काही नाही, ती म्हणाली.
गाडी येतेय, ते म्हणाले, आधी ती जाऊ दे.

नऊ बावन्नची आली. चार जण उतरले,
चारही दिशांना गाड्यांचे दिवे लुकलुकले.
एकेक गाडी निघून गेली
तशी काळी जमीन उघडी पडत गेली.

मला घरी जायचं होतं.
किल्ली लावली होती, काच गोठली होती.
इंजिन सुरू केलं नाही.