रकाना क्रमांक सात

अर्ज सोळा पानांचा आहे.
कंपनीच्या सामाजिक निधीतून वर्षाला तीन लाख,
दोन हप्त्यांत, पहिला हप्ता पाहणीनंतर.
जागा : घणसोली, हाय टेन्शनच्या तारांखालचा पट्टा.
लांबी एकशेदहा पावलं.
फुटांत नाही सांगता येत, टेप
शेलारांच्या मुलाने घरी नेली ती नेलीच.

संस्थेचं नाव अजून ठरायचंय.
सध्या सगळे नुसतं ‘तारेखालचं’ म्हणतात,
तारेखालची भेंडी, तारेखालचा माठ,
तारेखालच्या मीटिंगला याल ना.

रकाना तीन, उद्दिष्ट.
मी लिहिलं : स्थानिक अन्नसुरक्षा.
चांगुणाबाई मढवी वाकून बघत होत्या,
मी वाचून दाखवलं तशा म्हणाल्या,
“सुरक्षा म्हंजे? भाजीला वाचमन ठेवताव काय?”

मी हसले.
मग लिंबाजी आठवला, बी विंगच्या गेटवरचा,
परभणीकडचा, बारा तासांची पाळी,
रात्रीचं जेवण एक कटिंग आणि दोन पाव.
मंगळवारी त्याची बायको विचारायला आली होती,
मुळ्याचा पाला नेला तर चालेल का.
आम्ही तो खतात टाकत होतो.

रकाना चार, निधीचे इतर स्रोत.
हे सोपं, माझी वही आहे,
बँकेत एकोणतीस वर्षं काढलीत मी.
सव्वीस घरांचे पाचशे-पाचशे.
मुनव्वर प्लंबरने पैसे दिले नाहीत, पाइप दिला.
सबनीसांनी दोन हजार दिले
आणि दर रविवारी विचारतात, लॉन का नाही केलं.
शेलार माथाडी. वाशी मार्केटातून पहाटे
फुटके टोमॅटो, सडका कोबी गोणीत भरून आणतात.
त्याची किंमत कुठे मांडू?
जमेत धरावं तर वास येतो.

रकाना सहा, मातीची स्थिती.
वर डेब्रिज, खाली खाडी.
पहिल्या हिवाळ्यात पालक पिवळा पडला,
वांगी बोराएवढी.
आम्ही मोबाइलवर शोधत बसलो, तीन जणांनी तीन औषधं सांगितली.
चांगुणाबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली,
थुंकल्या.
“खारी हाय. पानी कोंडा, मुरू द्या, मंग सोरा.
तीन बारी.”
मुनव्वरच्या पाइपने कोंडलं, तीनदा सोडलं.
चौथ्या महिन्यात माठ आला,
चिरताना बोटं रंगली, भातसुद्धा लाल झाला.

रकाना सात, जमिनीचा पूर्वेतिहास.
पन्नास शब्दांत.

“त्यो खांब हाय ना,” बाई म्हणाल्या,
“तितं आमचा बांध व्हता.
उधानाचे राती आमचा बापूस कंदील घेऊन
बांधावर बसाचा.
खांड परली का वरसाचा भात गेला.
आमी पोरा भाकर घेऊन जावाचो,
त्यो जेवाचा नाय, पान्याकडं बघत रवाचा.”

मी शब्द मोजले. पन्नासात बसत होते.
तरी लिहिलं :
‘शासनाने संपादित केलेली. सध्या मोकळी.’
“काय लिव्हलास?”
वाचून दाखवलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
मिरचीची रोपं मोजायला गेल्या, एकवीस, मग पुन्हा एकवीस.

रकाना बारा, लाभार्थींची संख्या, फक्त आकड्यात.
यावर भांडण झालं.
सबनीस म्हणाले, ज्यांनी भरले ते.
शेलार म्हणाले, जे जेवतात ते.
वहीत पहिला आकडा आहे,
दुसरा अजून कुणी मोजला नाही.
रकाना कोरा ठेवून मी पुढच्या पानावर गेले,
पण सातव्याकडे परत आले,
‘सध्या मोकळी’ खोडलं.
वरती जागा उरली नव्हती,
म्हणून समासात, बारीक अक्षरात, बांध लिहिला,
कंदील लिहिला.

रात्री साडेअकराला लिंबाजी गेट लावतो,
टॉर्च घेऊन वाफ्यांकडे एक चक्कर मारतो,
पाइपचा कॉक घट्ट आहे का बघतो.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.