बुखाऱ्यात, चोचीपाशी

मिनार बघायला आलो होतो.
बघितला. मान दुखली.
सावली शोधत गल्लीत शिरलो, तो वाटच चुकलो.

उस्ता तुराबच्या दुकानात कात्र्या टांगलेल्या,
प्रत्येकीला लांबच लांब चोच.
बगळा, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, घण ठेवला,
आणि सत्तरीतला तो माणूस
ऐरणीशेजारी एका पायावर उभा राहिला.
नात मोहिरा हसून लोटपोट.
"करकोचा," चित्र काढून दाखवलं तिने
गणिताच्या वहीत, अपूर्णांकांच्या खाली.

घुमटाघुमटावर घरटी होती म्हणे.
मग तळी आटवली,
बेडूक गेले,
त्यांच्यामागे हेही.
आता इथे लोखंडाचेच.

तेवढ्यात पाववाली सालोमत टेकली उंबऱ्यावर,
मला न विचारता पाव मोडून दिला, गरम,
तिळांनी भरलेला.
कुठला तू? तुमच्याकडे असतात का?

असतात, मी म्हटलं. थंडीत येतात,
धरणाच्या गाळात उभे दिसतात, एसटीतून.

मोहिराने सांगितलं. भाता थांबला.
"मग आमचेच ते," सालोमत म्हणाली,
आणि पदराने हात पुसत, पुढे सरकून,
"कसे आहेत?"

मी कधी खिडकीतून नीट बघितलंही नव्हतं.

बरे आहेत, म्हटलं.