गाठीबाहेर

बाटली त्यांनी स्वतःच आणून दिली,
रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यासारखी.
मुरलीधर टिळेकर, बासष्ट, पीएमटीतून रिटायर.
टिळक रोडचे दोन जिने चढून दम लागलेला.
"ताई, गाठ नाही ना?
मानेत बघतो, काखेत बघतो,
रोज आंघोळीला बघतो. हाताला काही लागत नाही."
मी पावती फाडत म्हणाले, "मग नाही गाठ."
दोघंही हसलो.

ब्लॉक नंबर चारशे बारा.
मेणात बसवलेले सहा तुकडे, तांदळाच्या कणीएवढे.
मी पंखा बंद करते,
वारा लागला की रिबीन उडते.
चाक फिरवते. तीन मायक्रॉन. पुन्हा तीन मायक्रॉन.
कोमट पाण्यावर एका कंडक्टरचं पोट तरंगतं
कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
ब्रशने हळूच काचेवर घेते.

सहस्रबुद्धे मॅडमनी हाक मारली,
"ये, समोरून डोळा लाव."
जांभळा गर्दा. एकसारख्या, लहान, गोल,
ग्रंथींच्या भिंतीत शिरलेल्या.
"ह्यांचं घर पोटात नसतंच," मॅडम म्हणाल्या.
मान, काख, जांघ हे त्यांचे डेपो
(डेपो हा शब्द माझा),
तिथून सुटतात, फेरी मारतात, मुक्कामाला परत.
पण पोटात एक जंतू ठाण मांडून बसला,
वीस वर्षं जळजळ,
वीस वर्षं सोडा आणि ओवा.
त्याच्यावर नजर ठेवायला ह्या आल्या,
नव्हती तिथे चौकी उभी राहिली,
आणि एका पाळीला
पहारेकरी घरी गेलेच नाहीत.

म्हणजे मी खोटं बोलले नव्हते.
गाठ नव्हतीच.

तेव्हापासून कुणी गळ्याला हात लावून
"काही नाही" म्हणालं
की मला बाकीचं अंग आठवतं.
कोंढव्यातल्या शिवणकामवाल्या बाईंची पापणी,
आतून गुलाबी, दीड वर्ष ॲलर्जीचे थेंब घातलेली.
कुणाचा थायरॉइड, जिथे आधीपासूनच
घरातलं भांडण चालू होतं.
एका आजोबांनी आठ महिने
लाजेपोटी धोतराआड ठेवलेलं दुखणं,
तेही दुखत नव्हतं म्हणून.
आणि बाणेरचे ते शाळामास्तर,
ज्यांना आपल्याच सोसायटीचा जिना सापडेना.
त्यांची काच मी दोनदा रंगवली.
पहिल्यांदा रंग नीट बसला नाही, असं वाटलं.
बसला होता.

माझी आई म्हणायची, दोन पैसे गाठीला असावेत.
लुगड्याच्या टोकाला खरंच गाठ असायची,
सोडली की नाणं.
मला वाटायचं, जे महत्त्वाचं ते गाठीतच असतं.

टिळेकरांना दोन आठवडे गोळ्या दिल्या,
साध्या, जंतूच्या.
केस गेले नाहीत, सुई टोचली नाही.
शेजारी म्हणाले, हा कसला कॅन्सर.
सहा महिन्यांनी दुसरी बाटली,
तोच रुमाल.
मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.
चहावर साय धरली.
"जंतू नाही. चौकी जवळजवळ रिकामी.
दोन-चार रेंगाळलेत कोपऱ्यात.
निघतील. किंवा नाही निघणार.
परत बघू."

जुना ब्लॉक न्यायला ते काल आले,
मुलीला दुसरीकडे दाखवायचंय म्हणून.
रजिस्टरवर सही केली, तारीख मराठीत.
ट्यूबलाइटसमोर धरला.
"एवढंच?"
"एवढंच."
अंगठ्याने मेणावरून नुसतं फिरवलं,
जुनं नाणं खरं की खोटं बघतात तसं.
मग शर्टाच्या खिशात टाकला, बटण लावलं,
दोनदा थोपटून पाहिलं.

जिन्याच्या वळणावरून म्हणाले,
"येतो ताई. गाठ पडंलच परत."

आमच्याकडे निरोप असाच घेतात.
मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.
आत येऊन पंखा बंद केला,
चाकाला दोन थेंब तेल सोडलं,
आणि पुढचा ब्लॉक लावला.