डाव्या बुटाचं भोक

सतारमेकर गल्लीत माणसं कानानं काम करतात,
मी अंगठ्यानं.
भिंतीपलीकडं कुणीतरी दिवसभर तार लावत बसलेला,
अलीकडं मी. आरी, मेण, दोरा,
आणि अर्ध्या मिरजेच्या पायांचा हिशोब.

वैजयंता ऐवळे पहिल्यांदा आली तेव्हा नववीत होती.
कवठ्याहून, एसटीनं.
पिशवीतून भावाचे कॅनव्हासचे बूट काढले,
म्हणाली, डाव्याला भोक पाडा, अंगठ्यापाशी.
तीस वर्षं मी भोकं बुजवत आलेलो.
म्हटलं, पोरी, उलटं बोलतीस.
तेव्हा तिनं नख दाखवलं.
जांभळासारखं काळं.

मग दोन रिक्षांच्या मधून पळत येऊन
भर रस्त्यात तिनं मला शिकवलं,
अख्खं अंग एका पायावर कसं थांबतं,
अंगठा बुटाच्या भिंतीवर कसा जाऊन आदळतो,
आणि मागं राहिलेला उजवा पाय
कसा जमीन खरवडत येतो,
बाजारातनं ओढत आणलेल्या शेळीसारखा.
रिक्षावाला शिव्या घालून गेला.
मी भोक पाडलं. उजव्याच्या चवड्यावर
म्हशीच्या कातड्याची टोपी शिवली.
पैसे पुढच्या वेळी, म्हणाली.

पुढची वेळ येतच राहिली.
तळव्याच्या खाचांत आधी आपली काळी माती,
मग कुठली तांबडी,
मग एकदा गवताचं पातं,
इतकं बारीक, की आपल्याकडचं नव्हेच.
ते मी चुकांच्या डबीत ठेवलंय.
बूट आता कंपनी फुकट द्यायची.
भोक मात्र मिरजेचं.

एका वर्षी टाचा झिजून आल्या.
चवडे तसेच, टाचा सपाट.
बायकोला म्हटलं, वैजू हल्ली उभीच राहतीया.
आठवड्यानं पेपरात आलं, कर्णधार.
पळणाऱ्याचा बूट पुढं फाटतो,
दुसऱ्याच्या पळण्याकडं बघत राहणाऱ्याचा मागं.
हे मला आधी माहीत नव्हतं.

तो सामना गल्लीनं चहावाल्याकडं बघितला.
भिंतीपलीकडच्या तारासुद्धा गप्प.
शेवटचं षटक, त्यांना नऊ हव्या.
तिनं चेंडू पँटला घासला,
लांब कुठंतरी बघितलं,
आणि एकोणीस वर्षांच्या एका पोरीच्या हातात दिला.
पाचव्या चेंडूवर संपलं.

घाबरली, म्हणाले लोक.
स्वतः टाकायला काय झालं होतं,
चहावाला म्हणाला, कप विसळता विसळता,
जसं काही त्याच्याच हातातला चेंडू काढून घेतला होता.

पंधरा दिवसांनी बूट आले. भाऊ घेऊन आला.
डाव्यातली गादी उचलली
तर खाली तपकिरी डाग, वाळून कडक झालेला,
टाचेपर्यंत पोचलेला.
मी गादी बदलली. जुनी चुलीत घातली.
चहावाल्याला काही बोललो नाही,
फक्त चहा दुसरीकडं प्यायला लागलो.

ती स्वतः आली ती दिवाळीत.
मी म्हटलं, सांगायचं होतंस की लोकांना.
काय सांगायचं?
पायाचं.
ती हसली नाही. स्टुलावर बसून
माझी आरी हातात घेऊन फिरवत राहिली.
म्हणाली, काका, पाय धड असता
तरी चेंडू तिलाच दिला असता.
त्या दिवशी तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.
मग म्हणाली, तो चौथा चेंडू तुम्ही बघितला का?
तसा मला सात वर्षांत एकदा पडलाय.

सात वर्षांत एकदा. मी नुसता आकडा बघितला होता, नऊ.

परवा शेवटचा जोड टाकून गेली.
आता खेळत नाही, सकाळी फिरायला घालीन,
भोक बुजवून ठेवा, म्हणाली.
चांगली चकती कापली, रंगाला रंग.
बसत नाही. दोनदा शिवली, दोनदा उसवली.
कातडं तिथं आतून बाहेर वळलंय,
अजून कुणीतरी ढकलत असल्यासारखं.

बूट फळीवर आहेत.
ती न्यायला आली की काय सांगायचं, बघू.