हे अक्षर कोणाचं

उदगीरच्या कोर्टात, दुपारी तीनला,
त्याचं शपथपत्र वाचलं गेलं:
धंदा बसलाय, महिना नऊ हजार.
मला हसू आलं. शेख वकीलबाईंनी
पदर हळूच ओढला.

मग माझा फॉर्म.
किराणा, गॅस, लेकराची फीस, दवाखाना,
एकेका रकान्यात स्वतःला मोजत गेले.
चपलेपाशी पेन अडला.
वर्षाला एक?
दोन लिहा, बाई म्हणाल्या,
ते कापणारच आहेत.

"अर्जदार बीकॉम आहे, कमावू शकते,"
त्याचा वकील म्हणाला.
अकरा वर्षं काय करत होते मग?
सिंगल फेज, थ्री फेज,
कोणाच्या बोअरची मोटार जळाली,
वाइंडिंगला तांबं किती किलो गेलं,
उधारी कोणाकडं, कधीची,
सगळं माझ्या हातचं.
घरचंच दुकान, म्हणायचा व्यंकट.
घरच्या माणसाला कुठं पगार असतो?

बाईंनी पिशवीतून लाल वही काढली.
गेल्या सालचा मे. एका महिन्यात बावन्न मोटारी.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे अक्षर कोणाचं?"

त्या दिवशी पहिल्यांदा
तो माझ्याकडं बघितला.
"हिचं," म्हणला.
टायपिस्टनं तेवढंच टिपून घेतलं.

अंतरिम पोटगी महिना सात हजार,
लेकराचे तीन वेगळे,
दहा तारखेच्या आत.
जिना उतरताना सवयीनं
बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर होती.
वही मात्र परत मिळाली नाही.
तिच्यावर आता निशाणी बावीस,
आणि शाई दुसऱ्याच कोणाची.