पासंग

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे फाटकाच्या अलीकडं
एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत
मी म्हातारपण गोळा करते.
माझं नव्हे. सत्तावीस प्रयोगशाळांचं.
कुणी उंदराचं यकृत मोजलं,
कुणी माणसाच्या मांडीचा स्नायू,
कुणाकडं तरुण चार आणि म्हातारे तीनच,
चौथा मोजण्याआधी गेला
अशी तळटीप.

यंत्रं वेगळी. एकाचे शंभर ते दुसऱ्याचे सात.
शिवलीला विचारते, मॅडम, हे सगळं एकात कसं ओतायचं?
ओतायचं नाही, मी म्हणते,
आणि मला निपाणी आठवते.

तंबाखूच्या वखारीत बाबा,
म्हणजे कल्लाप्पा मापाडी,
खिशात वेदगंगेतला एक गोटा घेऊन शिरायचे.
आधी गोटा. प्रत्येक काट्यावर.
हा काटा पावशेर खातो,
तो ओल धरली की थापा मारतो.
मग पासंग लावून मोजणी, खड्या आवाजात:
लाभ, एरडु, मूरु, नाल्कु.
हमाल कन्नड, म्हणून आकडे कन्नड.
फक्त लाभ दोन्हीकडचा.
घरी येताना ते आकडे
उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी काढून ठेवलेले.

लबाड काट्यालाही एवढं खरं सांगता येतं
की दोहोंतलं कुठलं पोतं जड.
मी तेवढंच घेतलं.
वजनं सोडली, क्रम ठेवला,
आणि एकेका अभ्यासाला विचारलं:
उतारवयात काय चढलं? काय उतरलं?
बरेच गप्प राहिले.
एक-दोघांनी भलतंच सांगितलं.
वीस हजार जनुकांतून साठेक उरली,
जिच्यातिच्या तोंडी तीच.
उतरलेली: कातडी ताणून धरणारी,
पेशीतली चूल पेटती ठेवणारी.
चढलेली: सूज, पहारा, कचरा उचलणं.

शिवलीलानं लाल पेनानं गोल केला.
सापडले चोर!
मी पेन काढून घेतलं.
आग लागलेल्या गल्लीत गर्दी वाढते,
तिच्यात बादल्या घेऊन आलेलेही असतात.
कोण कशासाठी आलं
हे माझी यादी सांगत नाही.
ती फक्त सांगते, आले होते.

शनिवारी निपाणी.
बाबांना माझ्या नावापाशी यायला आता वेळ लागतो,
वाटेत आत्या लागते, मग धाकटी बहीण.
पण गोळ्या वाटीत टाकताना
मोठ्यानं, घरात, आयुष्यात पहिल्यांदा:
लाभ, एरडु, मूरु.
आई म्हणते, वाढलंच हे.
वाढलंय, हे मलाही दिसतं.
त्यापुढं माझ्याकडं काही नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी उशाखालून गोटा काढला,
माझ्या तळहातावर ठेवला.
किती?
अर्धा किलो असेल, मी म्हटलं.
ते हसले, बऱ्याच दिवसांनी,
आणि माझं मनगट दोन बोटांनी
जरासं वर उचललं.
तुजा हात खातोय बग, पोरी.
दोन तोळं तरी.